न पिकणारा दिवा

बेनियाता आजोबांची नजर दिव्यावर होती. दिवा काही पिकेना.

आमच्या बेटावरच्या मनेआबात, गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, निरोपाचं गाणं कधी म्हणायचं हे दिवाच सांगायचा. उन्हावर भरणारी जुनी शिशाची बॅटरी उतरत आली की बल्ब हळूहळू पिवळा पडायचा, पिकल्या केवड्याच्या फळासारखा. मग आजोबा ओरडायचे, "दिवा पिकला!" गप्पा थांबायच्या आणि आजी गाणं उचलायची. काय मैफली होत्या त्या! आता आजी नाही, आणि ती बॅटरीही नाही. नवी लिथियमची बॅटरी नात रोतियाने स्वतःच्या हाताने बसवली होती.

तीच रोतिया उद्याच्या बोटीने न्यूझीलंडला निघाली होती, किती वर्षांसाठी कोण जाणे. ते गाणं तिच्या कानावर घालूनच तिला पाठवायचं, एवढीच म्हाताऱ्याची इच्छा. "थांबा रे, अजून पिकला नाही," म्हणत त्यांनी सगळ्यांना थोपवून धरलं होतं.

खट्. अंधार गुडुप.

"घ्या! न पिकताच गळला," बायकांतून कोणीतरी हसलं.

आजोबा चिडले. "रोतिया, ही तुझी लिथियमची बया! मरताना सांगतसुद्धा नाही."

"मेली नाही हो आजोबा. आज दिवसभर आभाळ होतं, कमी भरली. तिची राखण करणाऱ्या बीएमएसच्या पेटीने तिला बंद केलंय."

"मग पेटी काढतो बाजूला, तारा थेट जोडू," तिचा मामा कौरे उठलाच.

"मामा, हात लावू नका! पार निथळली तर कायमची जाईल ती. म्हणून शेवटचं थोडं ती पेटी बाहेर जाऊच देत नाही. उद्या ऊन आलं की त्या राखलेल्या थोड्याच्या जोरावर उठते."



"म्हणजे आत आहे अजून?" आजोबांनी विचारलं.

"आहे."

"आणि देत नाही."

"नाही देत."

म्हाताऱ्याने खाकरून अंधारातच गाणं उचललं. आवाज फाटका, पण चाल आजीची. हळूहळू सगळं छप्पर गाऊ लागलं. रोतिया रडत होती, ते दिसत नव्हतं, पण कळत होतं. शेवटच्या कडव्यापाशी आजोबा थांबले, तसे सगळेच थांबले.

"आजोबा, शेवटचं कडवं राहिलं."

"राहू दे आत," म्हातारा म्हणाला. "तू आलीस की म्हणू."