सहाणेवरचं गंध

वर्षभर हात वर जात नव्हता, म्हणून काल फिजिओथेरपीत खांद्यात सुया टोचून घेतल्या. आज तो असा ठणकत होता, की सहाणेवर चंदनाचं खोड फिरवता येईना. देवाला रोज स्वतः उगाळलेलं गंध लावायचं, हा माझा नेम. तो मोडणार म्हणून डोळे भरून आले.

"आई, देव काही हजेरी घेत नाही," माझी सून शलाका म्हणाली.

"तो नाही घेत गं. मीच देते."

तिनं हसून फिजिओथेरपीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सुयांनंतर एखाददोन दिवस दुखतंच. शेक द्या, पण हात बांधून ठेवू नका. उगाळू द्या की हळूहळू!"

शलाका माझ्या खांद्याला गरम पाण्याची पिशवी धरून बसली. मी सावकाश उगाळत राहिले. ठणका निवत गेला.

देवाला लावून बोटावर थोडं गंध उरलं. शलाका माझ्याहून वीतभर उंच. उभी राहून मी ते तिच्या कपाळाला लावलं.

"आई, हात बघा कुठवर आलाय!"

एवढा वर आलाच होता, तर मी तो तिच्या डोक्यावर ठेवला.