लेखनिक विश्वासराव

“आपल्या विद्यापीठात कुणीही मागे राहणार नाही!” बेंगळूरच्या विद्यापीठात एकोणीसशे त्र्याण्णव सालच्या सभेत विश्वासरावांनी गर्जना केली. दुसऱ्याच दिवशी अंध कस्तुरीच्या इतिहासाच्या पेपरला लेखनिक आला नाही आणि सगळ्यांनी त्यांनाच बसवलं. लेखनिकाला विषय येता कामा नये, या नियमापायी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या विश्वासरावांना इतिहासाचं अज्ञान लेखी द्यावं लागलं. सहकाऱ्यांनी साक्षीदार म्हणून हौसेने सह्या केल्या. पेपरात कस्तुरीने उत्तर सांगितलं, “शहाजीराजांना बेंगळूर सोळाशे अठ्ठेचाळीस साली मिळालं.” विश्वासरावांचे पूर्वज राजांबरोबरच इथे आलेले, दहा वर्षांची चूक झोंबली, पेन कागदावर अडखळलं, तरी त्यांनी तेच लिहिलं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, “सर, साल चुकलं ना?” “हो. पण पेपर तुझा होता.” “मग पास झाले, तर माझी मीच!” कस्तुरी ताठ मानेने म्हणाली. विश्वासरावांची छाती फुगली. “सर, उद्याच्या पेपरला स्वल्प भरभर लिहा हां.”