दोनशे सहा शेंडे

"एकशे नव्व्याण्णव, दोनशे." मकेरिताने हातातली काठी अळूच्या रोपाशी टेकवली. "पुढे आणखी सहा दिसताहेत. झालं की तुमचं काम, पेसामिनो!"

शेतकी खात्यातली ही मुलगी सकाळच्या बोटीने आली होती. साथीमुळे मार्चपासून विमानं बंद, हॉटेलं बंद; गावच्या अळूला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पाहणीच्या दिवशी ज्याच्या जमिनीत निदान दोनशे रोपं उभी असतील, त्याला सरकार रोख साडेतीनशे ताला देणार होतं.

पेसामिनोची रोपं अकरा दिवसांची होती, उपटलेल्या अळूचे शेंडे खोचून लावलेली. जुने देठ पिवळे पडून लोंबत होते, आणि प्रत्येकाच्या मधोमध गुंडाळलेलं नवं पान बोटभर वर आलं होतं.

"नवी लागवड चालते ना?" त्याने विचारलं.

"उभी असली की चालते. वयाचा रकानाच नाही कागदावर." ती हसली. "शेंडे जोमाचे आहेत हो. कुठून आणलेत?"

त्याने नीरफणसाच्या पलीकडे बोट केलं. "आपाउला मावशीकडून."

"मग चला, त्यांचंही बघून घेऊ."

मावशीच्या जमिनीत काळे दगड होते आणि दगडांच्या मधे खड्डे. एकाही खड्ड्यात काही उभं नव्हतं. ती कडेला बसून माडाच्या झावळीची टोपली विणत होती.

"मावशी, तुमचं अळू?"

"काढलं की."

"सगळं?"

"याला शेंडे हवे होते. शेंडा द्यायचा तर गड्डा उपटावाच लागतो, पोरी. पाचच महिन्यांचे होते, मुठीएवढे निघाले. थोडे पाद्रीबाबांना दिले, बाकी वाटले. आठवडाभर सगळी आळी अळूच खात होती. माझं नाव काढलं की आता लोकांना ढेकर येतो!"

शेंडे मागायला आलेल्याला नाही म्हणायची रीत बेटावर नव्हती. कशाला हवेत, असं विचारायचीही नव्हती. पेसामिनो तिच्या दारात गेला तेव्हा ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

मकेरिताचं पेन थांबलं. "अहो, पण पीक उभं लागतं मदतीला. महिन्यापूर्वीच निरोप धाडला होता आम्ही. रस्त्याच्या या अंगाच्या घरांना पेसामिनो सांगणार होते." ती त्याच्याकडे वळली. "सांगितलं होतंत ना?"

नऊ घरं होती. आठ घरांत तो त्याच संध्याकाळी जाऊन आला होता.

त्याचे कान तापले.

"सांगितलं होतं की त्याने," आपाउला म्हणाली. "मीच विसरले. या वयात काय लक्षात राहतंय?"

मकेरिता हळहळली. मग तिने मावशीच्या नावापुढे आडवी रेघ ओढली आणि कागद पेसामिनोपुढे धरला. "इथे सही."

त्याने सही केली. नखांत माती होती; कागदाला तिचा डाग लागला.

टोपली खाली ठेवून आपाउला उठली. गुडघ्यावर हात रोवत नीरफणसाखालून त्याच्या जमिनीत शिरली आणि पहिल्या रोपापाशी थांबली. वाकली नाही. अनवाणी टाचेने बुंध्याभोवतीची माती तिने चहूबाजूंनी दाबली.

"सैल लावलंयस रे, पेसा. कुणी नुसतं बोट लावलं तरी हातात येईल."

एवढं म्हणून ती पुढच्या रोपाकडे सरकली. अजून दोनशे पाच होती.