घसा बसल्यावर

मला कथा डोक्यात सुचत नाही, तोंडात सुचते. दार लोटून घेऊन मी पात्रांचे संवाद मोठमोठ्याने म्हणतो आणि मगच लिहितो. खुनीही मीच, फौजदारही मीच. बायको म्हणते, "तुमच्यापेक्षा भुतं शांत."

परवा माझा घसा बसला. डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून दम भरला. आणि रहस्यकथा नेमकी शेवटाशी अडली. नायकाच्या रिकाम्या खोलीतून कोणीतरी त्याच्याशी बोलतं, पण काय बोलतं, ते काही केल्या सुचेना. संपादकांनी तर फोन करून करून जीव खाल्ला होता.

आज दुपारी वैतागून खुर्चीतून उठलो आणि अनवाणीच स्वयंपाकघरात गेलो. बायको पाठमोरी कांदा चिरत होती. मी आल्याचं तिला कळलंही नाही.

तेवढ्यात माझ्या खोलीतून आवाज आला. माझाच होता, घसा बसण्याआधीचा, खणखणीत.

"तू कधी उठतोस, याचीच वाट बघत होतो."

अडलेलं वाक्य हेच! खोटं कशाला बोलू, क्षणभर मला आनंदच झाला.

"झाला वाटतं घसा बरा?" बायको मान न वळवता खोलीच्या दिशेने ओरडली. "लगेच सुरू झालात! या आता बाहेर, चहा टाकते."

मी तिच्या पाठीशीच उभा होतो. "अगं" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर पडली.

"आलोच गं," खोलीतून माझा आवाज म्हणाला, आणि खुर्ची मागे सरकली.