चौथ्या ओळीतली खुर्ची

पडद्यावरचे तिसरे धर्मगुरू प्रश्न ऐकून घाम पुसू लागले, तसे मीटरवाले काका खूश झाले. मांडीवरच्या वहीत त्यांनी तिसरी रेघ ओढली. नोकरीभर त्यांनी घरोघरचे विजेचे मीटर वाचलेले. काट्यावर दिसेल तेवढंच खरं मानायचं, असा त्यांचा खाक्या. देवाचा काटा कधी हललेला दिसला नव्हता. माहितीपट संपला की पहिलं बोलायचा मान म्हणूनच त्यांचा होता.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत खुर्च्या वीस आणि माणसं अकरा. त्यातली दोन पंख्याखाली डुलकी काढायला आलेली.

"काका, आज एकेकाला धुवून काढा," प्रोजेक्टरपाशी बसलेला नास्तिक मंडळाचा सचिव कुजबुजला.

"आधी नीट बघू दे. फिल्मवालेही थापा मारतात."

तेवढ्यात पडद्यावर याच शहरातला प्रार्थनेचा हॉल आला. दोन वर्षांपूर्वी तिथे कॅमेरे येऊन गेले होते. काका सावरून बसले. त्या हॉलच्या फाटकाशी त्यांचे कितीतरी सुट्टीचे दिवस गेले होते. बायकोला स्कूटरवरून सोडायचं आणि ती बाहेर येईपर्यंत सीटवर बसून पेपर वाचायचा. आत पाऊल टाकलं नाही ते नाहीच. तिनेही कधी 'आत चला' म्हटलं नाही. हे ते मंडळात छाती फुगवून सांगत. ती जाऊन दीड वर्ष झालं, तरी सांगत.

"या गर्दीने विचार करणं सोडून दिलं आहे," निवेदक म्हणाला. कॅमेरा ओळींवरून सरकत गेला आणि काकांची पेन्सिल थांबली.

चौथ्या ओळीत ती बसली होती.

शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी. काकांच्या जुन्या खाकी शर्टाची शिवलेली, खिसा तसाच ठेवून. जागा शोधत आलेल्या एका बाईने पिशवीकडे बोट केलं. तिने मान हलवली, पिशवीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फाटकाची दिशा दाखवली. बाई पुढे गेली. लगेच दुसरा देश, दुसरी गर्दी.

"मागे घे," काका म्हणाले.

सचिवाने घेतलं. "थाप मारलीय ना? मला वाटलंच."

"अजून मागे. आवाज बंद कर."

बाई आली. मान हलली. हात फाटकाकडे गेला.

"परत."

तिसऱ्या खेपेला पंख्याखालचे दोघेही जागे झाले. सचिवाने चित्र तिथेच थांबवलं. "बोला काका. पकडलीत ना चूक?"

काका उठले. वही घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. बोलायच्या टेबलाला वळसा घालून ते पडद्यासमोर गेले. प्रोजेक्टरच्या झोतात त्यांची सावली आधी भलतीकडेच पडली. ते दोन पावलं डावीकडे सरकले, मग अर्धं पाऊल मागे. सावली चौथ्या ओळीतल्या पिशवीच्या खुर्चीवर नीट बसली.

"काका, जरा बाजूला व्हा," मागून कोणीतरी म्हणालं, "काही दिसत नाही."

काका हलले नाहीत.