पाळण्यातले युवराज

टीव्हीवर लावलेल्या संगीत नाटकाच्या जुन्या टेपमध्ये तरुण आशालताबाई पाळण्याची दोरी धरून गायला लागल्या. ज्ञानदाचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. ती पाळण्यात बघत होती. आत खरं बाळ होतं.

तिच्या शेजारी सोफ्यावर बसलेल्या आशालताबाई आता सत्तरीच्या झाल्या होत्या. सुनेची बाळंतपणाची रजा संपली म्हणून वाडीवरची कामं टाकून, सुकवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा पुडा घेऊन त्या कालच नायगावच्या फ्लॅटवर आल्या होत्या. उद्यापासून ज्ञानदा ऑफिसात आणि तान्हा उमंग त्यांच्याजवळ. निदान तसं ठरलं तरी होतं. उमंग आत झोपला होता. तरी ज्ञानदाचा एक कान तिकडेच.

"स्टेजवर कापडाचं गाठोडं चालायचं गं," सासूबाई म्हणाल्या. "टीव्हीचा कॅमेरा पार नाकापर्यंत येणार. मग आमची राधिकाच नेली. युवराज म्हणून!"

राधिका म्हणजे ज्ञानदाची थोरली नणंद.

पडद्यावर युवराजांनी भोकाड पसरलं. गाणं चालूच. नजर कॅमेऱ्यावर, हात दोरीवर, तान आपल्या जागी.

ज्ञानदा पुढे सरकली. "आई, ती रडतेय! कोणी थांबवलं नाही?"

"थांबवणार कसं? सगळा अंक एका दमात टेप व्हायचा. नाटकात वन्स मोअर घेत वीस मिनिटं रंगणारं माझं पद, तिथे तीन मिनिटांचं केलं होतं. त्यातलं काही गाळायचं नाही, अशी तंबी."

"म्हणून रडू दिलंत तिला?"

"बघ की पुढे."

दुसरं कडवं आलंच नाही. ऑर्गन एकटाच त्यात शिरला, चाचपडला, गप्प झाला. पडद्यावर आता नुसती पाठ होती. भरजरी शालूतली, सरळ कॅमेऱ्याकडे केलेली पाठ, आणि खांद्यावर युवराजांचं टक्कल.

"मग? पुन्हा पहिल्यापासून?"

"छे! स्टुडिओ दुसऱ्यांना द्यायचा होता. तसंच दाखवलं. मला मात्र परत कधी बोलावलं नाही."

आतून उमंगचं रडणं आलं. ज्ञानदा ताडकन उठली. आशालताबाईही गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत निघाल्या.

ज्ञानदा क्षणभर उभी राहिली. मग परत बसली, आणि आतलं रडणं थांबेपर्यंत सोफ्याची कड घट्ट धरून राहिली.