कोंबड्यांची खोड

परसातल्या खुराड्यात अंडी फुटू लागली, तेव्हापासून महिन्याभरात सासऱ्यांनी तीन कोंबड्या कापल्या. दर वेळी "हीच ती चोरटी" म्हणत एकीला पंख धरून बाहेर ओढायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच: पेंढ्यात फुटलेलं अंडं आणि उरलेल्या सगळ्यांच्या चोचींना बलक. पिसं उपटायला, पातेली घासायला आणि चिकट पेंढा काढायला सून होतीच.

"मामंजी, आपण खाल्लेल्या अंड्यांची टरफलं अख्खी नका टाकू त्यांच्यापुढे," ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. "चुरा करून टाका. त्यांना कळलंय आत काय असतं ते."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून कोंबड्या पाळतोय मी," सासरे म्हणायचे. पुढे पुढे तिनेही तोंड शिणवणं सोडून दिलं.

शेवटी नवऱ्याने गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी खुराड्यात डोकावून अर्धं टरफल उचललं. "ही अशी कोण टाकतं? आजोबा, तुम्हीच लावलीत की चटक. बारीक कुटून घाला, आठ दिवसांत खोड जाईल. या पाच तरी जगू द्या."

दारात दमून बसलेल्या सुनेला महिन्यात पहिल्यांदा जरासं हसू आलं, आणि ते सासऱ्यांनी पाहिलं.



संध्याकाळपर्यंत त्यांनी पाचही कोंबड्या कापल्या. आठ दिवस जगल्या असत्या, तर सून खरी ठरली असती.